वेस अँडरसनचा नवा सिनेमा थिएटरात पाहायचाय, आणि राहायला कोकणात?

वेस अँडरसन हा अमेरिकेतल्या टेक्सासचा दिग्दर्शक, जन्म १९६९चा. १९९६ ते २०२५ या काळात त्याने १२ मोठे चित्रपट केले. त्यातलं कुठलंही दृश्य थांबवा, नाव न वाचता ओळखू येतं: माणूस बरोब्बर मधोमध, कॅमेरा समोरासमोर, दोन्ही अंगांना मोजून ठेवल्यासारखं सामान, भिंतीचा रंग कपड्यांशी ठरवून जुळवलेला. २०२३ मध्ये त्याची नक्कल करणाऱ्या व्हिडिओंचा मोबाइलवर नुसता पाऊस पडला होता. ते पाहून कुतूहल वाटलं, पण त्याचा एकही सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही, आणि घर देवगड, वेंगुर्ला, रत्नागिरी किंवा अलिबागकडे आहे, अशा माणसासाठी हे लिहितोय.

त्याच्या सिनेमात गोष्ट काय आहे यापेक्षा ती कशी मांडलीय हे बघण्यात मजा असते. ज्याने जत्रेत रात्र जागून दशावतार पाहिलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. बाकीचं बरंचसं एसटीचं, रेल्वेचं आणि तिकिटाचं आहे.

आधी एकच काहीतरी बघा

नवा सिनेमा जाहीर झाला की लोक जुने सगळे बघायला घेतात. तिसऱ्या-चौथ्या सिनेमापर्यंत डोळे थकतात आणि नव्याचं काही वाटेनासं होतं. तसं करू नका. नेटफ्लिक्सवर त्याचा ‘द वंडरफुल स्टोरी ऑफ हेन्री शुगर’ हा २०२३चा लघुपट आहे, ३९ मिनिटांचा. २०२४ मध्ये त्याला लघुपटाचं ऑस्कर मिळालं. जेवण झाल्यावर एका बैठकीत होतो.

त्यात नट थेट आपल्याकडे बघून गोष्ट सांगतात. संवादच नव्हे, ‘असं तो म्हणाला’ हेसुद्धा तेच म्हणतात. मागची भिंत सरकते, जंगल जातं, दवाखाना येतो. सामान हातात द्यायला कामगार उघडउघड आत येतात आणि निघून जातात. एक योगी हवेत तरंगतो. तो कसा तरंगतो तर एका खोक्यावर बसून, आणि खोकं मागच्या देखाव्याच्याच रंगांत रंगवलेलं. लपवाछपवी काही नाही, आपल्याला दिसावं असंच केलेलं आहे.

आता दशावतार आठवा. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. तेच बाकडं राजाचं सिंहासन, तोच पर्वत, वेळ पडली तर तोच रथ. समोर बसलेल्यांपैकी कोणी ‘रे, डोंगर खंय आसा?’ असं विचारत नाही. नट प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतो, शेजारच्या राजाशी बोलत असला तरी. अँडरसनची माणसं अशीच उभी राहतात. शहरातल्या कित्येक प्रेक्षकांना हे ‘कृत्रिम’ वाटतं आणि ते तिथेच अडतात. आपल्याकडे ही अडचण मुळात यायला नको.

लघुपट आवडला तर दुसरा ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’, २०१४चा. त्याला चार ऑस्कर मिळाली: कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा-केशभूषा आणि संगीत. डोंगरावरचं ते गुलाबी हॉटेल बाहेरून दिसतं तेव्हा ते हाताने बनवलेलं छोटं मॉडेल असतं. आतलं भव्य दालन जर्मनीतल्या ग्योर्लित्झ गावात एका बंद पडलेल्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये उभं केलेलं होतं. बघताना हे डोक्यात ठेवलं तरी मजा कमी होत नाही, उलट वाढते.

भारतात घडणारा ‘द दार्जिलिंग लिमिटेड’ (२००७) आपला म्हणून पहिला बघावा असं कोणालाही वाटेल. तीन भाऊ राजस्थानातून रेल्वेने जातात. त्यात सत्यजित राय यांच्या चित्रपटांतलं संगीत वापरलंय, छोट्या भूमिकेत इरफान खान आहे, आणि डबे काय सुंदर सजवलेत! पण माझं मत विचाराल तर त्यात इथली माणसं बहुतेक वेळ देखाव्याचा भाग होऊन राहतात. सुरुवात त्याने करू नये, नंतर जरूर बघा.

गोष्ट वाचून जा

हे ऐकून काही जण चिडतील. ‘सस्पेन्स जाईल’ म्हणतील. अँडरसनच्या बाबतीत तरी जात नाही.

कारण व्यवहाराचं आहे. त्याची पात्रं भराभर, एका पट्टीत, चेहरा न हलवता बोलतात. पडद्यावर त्याच वेळी पाट्या, पत्रं, वर्तमानपत्राची कात्रणं येतात, ती वाचायची असतात. आपल्याकडच्या मल्टिप्लेक्समध्ये इंग्रजी सिनेमाला बरेचदा खाली इंग्रजी सबटायटल्स असतात. ती वाचत बसलात तर वरचं चित्र हातचं जातं, आणि तिकिटाचे पैसे तर चित्राचेच दिलेले आहेत. कथानक आधीच माहीत असेल तर नजर खाली सारखी जात नाही.

मांडणीही गुंतागुंतीची असते. ‘अ‍ॅस्टरॉइड सिटी’ (२०२३) मध्ये टीव्हीवरचा एक कार्यक्रम आहे, तो एका नाटकाबद्दल आहे, आणि वाळवंटात रंगीत दिसणारी कथा म्हणजे ते नाटक. हे माहीत नसेल तर पहिला पाव तास डोकं खाजवण्यात जातो. ‘द फ्रेंच डिस्पॅच’ (२०२१) हा एका मासिकाच्या अंकासारखा आहे, एकामागून एक लेख. ‘द फिनिशियन स्कीम’ (२०२५) मध्ये विमान अपघातांतून पुन्हा पुन्हा वाचणारा एक धनाढ्य उद्योगपती आपल्या जोगीण (नन) मुलीला वारस नेमतो, आणि त्याच्या प्रचंड योजनेचे भाग बुटांच्या खोक्यांत लावून ठेवलेले असतात. हे चार ओळींत कळलं की पुढचा खेळ निवांत बघता येतो.

दशावताराचं आख्यान पुराणातलंच असतं. राक्षस मरणार, राजाचं राज्य परत मिळणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी पहाटेपर्यंत माणसं बसतात, कारण आजचा नारद काय बोलणार आणि आजचा राजा कसा प्रवेश घेणार हे माहीत नसतं. तीच बैठक इथे लागते. फार तर शेवटचा परिच्छेद वाचू नका.

तालुक्याच्या थिएटरात का लागत नाही

हे समजून घेतलं की थिएटरवाल्यावर राग काढावासा वाटत नाही. हल्ली सिनेमा रिळांतून येत नाही. हार्ड डिस्क किंवा उपग्रहावरून फाइल येते, आणि ती ठरावीक थिएटरात, ठरावीक तारखांपुरती उघडणारी डिजिटल किल्ली वेगळी येते. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांचा आग्रह असतो तो ‘डीसीआय’ नावाच्या मानकात बसणाऱ्या प्रोजेक्टरचा. तो महाग असतो. छोट्या गावांतल्या अनेक एकपडदा थिएटरांनी रीळ गेल्यावर स्वस्तातली वेगळी यंत्रणा घेतली, मराठी-हिंदी सिनेमा त्यावर उत्तम चालतो. त्यातून आपल्या भागात अशा इंग्रजी सिनेमाला किती माणसं येणार, हा हिशेब वितरकाला मुंबईत बसूनही येतो.

म्हणजे प्रवास करायचा. आणि ठरवायला वेळ फार नसतो. असा सिनेमा शुक्रवारी लागतो, एका मल्टिप्लेक्सला दिवसाला एक किंवा दोन खेळ मिळतात, तेही आडवेळी. पुढच्या शुक्रवारी दुसरा मोठा सिनेमा आला की हा गेलाच म्हणून समजा. ‘गर्दी ओसरल्यावर जाऊ’ हे इथे चालत नाही, गर्दी नसतेच.

तिकिटाच्या अ‍ॅपवर आपलं गाव टाकून शोधलं तर काही दिसणार नाही. शहराच्या जागी गोवा, कोल्हापूर, पुणे, मुंबई असं एकेक घालून बघा. बुधवारी-गुरुवारी पुढच्या आठवड्याचे खेळ दिसू लागतात. सिनेमाचं प्रमाणपत्रही तिथेच बघून घ्या. ‘ए’ असेल तर अकरावीतल्या भाच्याला सोबत न्यायचा बेत रद्द. दारावर वय विचारतात आणि परत पाठवतात.

कुठून कुठे जायचं

सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण, कणकवली या पट्ट्याला गोवा सोयीचा. पणजीत २००४ मध्ये इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आला तेव्हा त्यासाठीच मल्टिप्लेक्स उभं राहिलं, कांपालच्या बाजूला, जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात. पर्वरी आणि मडगावलाही मल्टिप्लेक्स आहेत. कुठे खेळ आहे ते बघूनच वाहन ठरवा. पर्वरी पणजीच्या अलीकडे, मांडवीचा पूल ओलांडायच्या आधी लागते. मडगाव तिथून बरंच पुढे.

रस्त्याने बांदा, पत्रादेवी, मापसा, पर्वरी, पणजी असा सरळ मार्ग. सावंतवाडीहून एसटीच्या आणि गोव्याच्या कदंबाच्या गाड्या आहेत. रेल्वेने जाणाऱ्याने पणजीसाठी करमळी आणि पर्वरी-मापशासाठी थिवी धरावं. दोन्ही स्टेशनं शहरापासून दूर आहेत, पुढे रिक्षा किंवा बस करावी लागते, तेवढा वेळ मोजा.

खरा प्रश्न जाण्याचा नसतो, परत येण्याचा असतो. रात्रीचा खेळ मध्यरात्रीच्या आसपास सुटतो आणि तेव्हा बांद्याकडे येणारी एसटी मिळेल या भरवशावर राहू नये. स्वतःची गाडी नसेल तर दुपारचाच खेळ घ्या. दुपारचा लवकर सुटला तर मडगावहून संध्याकाळी मुंबईला निघणारी कोकणकन्या थिवीला गाठता येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि काही गाड्या मडगावहून लवकर सुटतात. जून ते ऑक्टोबरमध्ये जुन्या वेळा डोक्यात ठेवून निघू नका.

रत्नागिरी, लांजा, राजापूरकरांना कोल्हापूर जवळ वाटतं: साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर. वैभववाडीकडून करूळ घाटाने गगनबावड्यावरूनही जाता येतं. पण दोन गोष्टी. एक, कोल्हापुरात हा सिनेमा लागेलच असं नाही, त्यामुळे तिकीट हातात आल्याशिवाय घाट चढू नका. दुसरी, पावसात घाटात दरड आली की वाहतूक थांबते. त्या दिवसांत तिकीट काढलं तरी सकाळी निघण्याआधी घाट चालू आहे ना ते विचारून घ्या. रत्नागिरीहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई गाठून, सकाळी नातेवाइकांकडे आंघोळ करून दुपारचा खेळ बघणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मुंबईत पर्यायही भरपूर.

चिपळूण-गुहागरवाल्यांनी मुंबई किंवा पुणेच बघावं. अलिबागकरांचं बरं आहे: मांडव्याहून बोट. गाड्याही नेणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्याला साधारण तासाभरात लावते, गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघा आणि मग खेळ निवडा, उलट नको.

एवढा खटाटोप एका सिनेमासाठी करताना घरचे विचारणारच, ‘घरात टीव्ही नाही का?’ सोबत गोव्याचं एखादं काम जोडून टाका. पणजीत डोळ्यांचा डॉक्टर, मापशाचा शुक्रवारचा बाजार, काहीही चालतं.

नोव्हेंबरची एक वेगळी सोय आहे. इफ्फी दरवर्षी २० नोव्हेंबरच्या सुमाराला पणजीत भरतो. आधी ऑनलाइन नोंदणी करून प्रतिनिधी व्हायचं, मग रोजच्या खेळांच्या जागा राखून ठेवायच्या. इथे व्यापारी प्रदर्शनाचं भाग्य नसलेले कित्येक सिनेमे बघायला मिळतात. सिंधुदुर्गातल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी हे करावं. मुंबई-पुण्याची माणसं त्यासाठी सुट्टी घेऊन येतात, आपल्याला तर ते शेजारी आहे.

जागा कुठली घ्यायची

हा भाग जरा नीट वाचा, कारण नेहमीचा नियम इथे फसतो.

अँडरसन चित्राचा आकार मुद्दाम बदलतो. ‘ग्रँड बुडापेस्ट’मध्ये १९३२ची कथा जवळजवळ चौकोनी चित्रात आहे, १९६८ची लांबट पट्टीत आणि १९८५ची त्या दोहोंच्या मध्ये. त्या त्या काळातल्या पडद्यांचे ते आकार. ‘अ‍ॅस्टरॉइड सिटी’त टीव्हीचा कार्यक्रम कृष्णधवल आणि चौकोनी, वाळवंट रंगीत आणि रुंद.

चौकोनी चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट असते, रुंद चित्राची सुमारे २.३९ पट. समजा पडदा १२ मीटर रुंद आहे आणि तो रुंद सिनेमाच्याच मापाचा आहे. त्याची उंची झाली साधारण ५ मीटर. चौकोनी चित्र त्यावर फक्त ७ मीटरच्या आसपास रुंद पडेल, दोन्ही बाजूंना काळं. म्हणजे महागाच्या शेवटच्या रांगेतून तुम्हाला अर्ध्याहून थोडा जास्त पडदाच दिसणार, आणि भिंतीवरची पाटी वाचता येणार नाही. म्हणून मागच्या रिक्लायनरच्या मोहात पडू नका. पडद्यापासूनच्या एकूण अंतराच्या मध्यापाशी, किंवा एक-दोन रांगा पुढे, आणि न चुकता मधल्या खुर्च्यांत बसा. सगळं चित्र मध्यरेषेवर तोललेलं असताना कोपऱ्यातून बघितलं तर तो तोलच जातो. जोडीने गेलात तर मधल्या दोन.

बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की कोणीतरी उठून ‘पडदा नीट लावा’ ओरडतो. सांगा त्याला, ते तसंच आहे. उलट चित्र आडवं ताणलेलं दिसलं, माणसं बुटकी-जाडी दिसली किंवा डोकी कापली गेली, तर मात्र लगेच बाहेर जाऊन सांगा. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तर दुरुस्त होतं.

अंधारात

वेळेआधी बसा. त्याच्या सिनेमात नामावळीच्या वेळीही पडद्यावर बरंच घडत असतं, जाहिराती संपल्यावर धावत आत येणं परवडत नाही.

पहिली दहा मिनिटं पात्रांची नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न सोडून द्या आणि कॅमेरा बघा. तो चार-पाचच गोष्टी करतो. समोर स्थिर उभा राहतो. भिंतीला समांतर सरळ आडवा सरकतो, खोलीमागून खोली. झटकन बरोब्बर काटकोनात वळतो. टेबलावरच्या वस्तू थेट वरून दाखवतो. एवढं ओळखू आलं की पुढे तो हा नियम कधी मोडतो ते आपोआप जाणवतं. सगळं इतकं नीटनेटकं चाललेलं असताना कॅमेरा एकदम हातात घेतल्यासारखा हलला, रंग गेला किंवा कोणाचा आवाज थरथरला, तर समजावं की इथे काहीतरी दुखतंय. त्याच्या सिनेमांत मरण, तुटलेले बाप-लेक, हरवलेली घरं सतत असतात. चेहरे रडत नाहीत म्हणून ते सुटून जातं. ‘दिसायला छान पण आत काही नाही’ असं म्हणणारे बहुधा इथेच चुकतात, जरी एक-दोन सिनेमांबद्दल त्यांचं म्हणणं मलाही पटतं.

वस्तूंकडे बघा. ‘फिनिशियन स्कीम’मध्ये भिंतीवर रेन्वार आणि माग्रीत यांची अस्सल चित्रं उसनी आणून लावली होती. नक्कल लावली असती तर कोणाला कळलं असतं? पण त्याला ते चाललं नाही.

मध्यंतराचं काय करायचं ते मला अजून सुटलेलं नाही. त्याचे सिनेमे बहुतेक १०० मिनिटांच्या आसपासचे, सलग बघायचे. आपल्याकडे मध्येच कुठेतरी, कधीकधी वाक्य अर्धवट तोडून, दिवे लागतात. बसून राहा, मोबाइल काढू नका, सोबत्याला ‘कळलं का?’ विचारू नका. समोशाची रांग लांब असते आणि परत येईपर्यंत दोन पात्रं बदललेली असतात.

घरी दुसऱ्यांदा

काही महिन्यांनी सिनेमा ओटीटीवर किंवा भाड्याने मिळू लागतो. तेव्हा मात्र सबटायटल्स चालू करा आणि संवाद ऐका. पहिल्यांदा सुटलेले विनोद तिथे सापडतात, कारण गोष्ट आणि चित्र दोन्ही आता ओळखीचे झालेले असतात.

त्याआधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या. चित्राच्या आकाराची सेटिंग ‘झूम’ किंवा ‘स्ट्रेच’वर असेल तर ती काढून मूळ आकारावर आणा, नाहीतर चौकोनी चित्र ताणून सोळास नऊ केलेलं बघाल. ‘मोशन स्मूदिंग’ नावाची सोय असते, कंपनीगणिक नाव बदलतं, ती बंद करा. तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की हे बरंचसं एका झटक्यात होतं. ‘व्हिव्हिड’ मोड आंब्याच्या जाहिरातीला ठीक. अँडरसनचे फिके पिवळे आणि गुलाबी त्यात भडक होतात.

गावच्या ग्रंथालयाच्या हॉलात दहा-वीस जणांना जमवून दाखवावा असं मनात आलं तर ते आपल्या ओटीटीच्या खात्यावरून करता येत नाही, ते घरगुती वापरापुरतंच असतं. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकांची परवानगी काढावी लागते. ती काढायचीच असेल तर पावसाळा संपल्यावरची तारीख धरा, म्हणजे ऐन खेळात वीज जायची भीती जरा कमी, आणि प्रोजेक्टर लावणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की बाजूच्या काळ्या पट्ट्या घालवायला चित्र मोठं करू नकोस.